मास्तरांचं मनगट

आमच्या मास्तरांना चटका द्यायची आम्हां मुलींना परवानगी होती, आणि ती त्यांची त्यांनीच दिलेली होती. हे सांगितलं की माझ्या नाती एकमेकींकडे बघतात. आजीनं आजवर त्यांना इतक्या थापा मारल्या आहेत की त्यांचाही दोष नाही. पण ही थाप नव्हे.

चटका सागरगोट्याचा. राखाडी, गुळगुळीत, बोराएवढी टणक बी. पाच बिया घेऊन मुली झेलायला बसतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याचा दुसराही एक उपयोग आहे आणि त्यात मी मोठी वाकबगार होते. फरशीवर एका जागी तो खसाखसा घासायचा. बी अशी तापते की हातात धरवत नाही. मग शेजारणीच्या दंडाला हळूच टेकवायची आणि आपण पुस्तकात डोकं घालायचं. ती किंचाळते, मास्तर तिला रागावतात, आणि आपण किती गुणी आहोत हे सगळ्या वर्गाला दिसतं.

गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, मुंबईत यायच्या आधीची ही हकिकत. ठाकूरद्वारला एका वाडीत नारळीच्या झाडांखाली एक कौलारू घर होतं. त्याच्या ओटीवर आमची मुलींची शाळा भरे. घर एका शेटजींचं, त्यांनी पुण्य लागावं म्हणून दिलेलं. मास्तर एकच. उंच आणि असे वाळलेले, की कुणी काठीला कोट चढवून वर पगडी ठेवली आहे असं लांबून वाटावं. कोटाच्या खिशात कायम कसल्या ना कसल्या बिया. त्या खुळखुळत, त्यामुळे मास्तर यायच्या आधी त्यांचा आवाज येई आणि आम्हांला सावरून बसायला अवधी मिळे. इतकी सोय दुसऱ्या कुठल्या मास्तरांनी केल्याचं मी ऐकलं नाही.

छत्री ते उन्हात उघडत आणि पाऊस आला की मिटत. कुणी विचारलंच तर म्हणत, पाऊस समुद्रावरून एवढा चालत येतो, त्याला दारातून परत कसा पाठवायचा. मग वर्गात पाणी निथळत उभे राहत आणि आम्हांला भागाकार शिकवत. भूगोलासाठी नकाशा नव्हता. मास्तर ओटीच्या कडेला उभे राहून हात लांब करत. विलायत त्या वाकड्या नारळीच्या मागे, अरबस्तान तिच्या जरा अलीकडे, आणि कोकण शेटजींच्या घोड्याच्या तबेल्याच्या अंगाला. मला आजही अरबस्तान म्हटलं की आधी तो वाकडा माड दिसतो.

पण खरं वेड झाडांचं. मुलींना 'अगं', शेटजींना 'अहो', आणि झाडांनाही 'अहो'. वाटेत एखादी फांदी आडवी आली तर, "जरा जाऊ द्याल का?" म्हणून बाजूनं जायचे. मात्र सगळ्या झाडांना हा मान नव्हता. शेटजींनी पुण्याहून गुलाबाच्या कुंड्या मागवल्या होत्या. त्यांना दोन वेळा पाणी, वर सावली, खाली शेण, आणि तरी गिरगावच्या खाऱ्या वाऱ्यानं ते गुलाब तोंड पाडून बसलेले. मास्तर त्यांच्याकडे बघून म्हणत, "पाणी मागणारं झाड म्हणजे जावई. दारात एखादा असावा, नाइलाजानं. पण बाग जावयांची करू नये." त्यांना आवडायची ती इथलीच, किनाऱ्याच्या रेताडात आपली आपण वाढणारी, वाऱ्याला पाठ देऊन उभी राहणारी झुडपं. त्यांना ते 'घरची माणसं' म्हणत.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होते आणि माझ्याइतकं शहाणं वाडीत कुणी नाही असा माझा पक्का समज होता. शाळा मला फार आवडे. विद्येची आवड वगैरे म्हणाल तर देवाचं नाव घ्या. घरी राहिलं की तांदूळ निवडायचे, धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरायचं आणि आजीची बोलणी खायची. शाळेत या तिन्हींपासून सुटका होती, आणि सागरगोट्यात मला हरवणारी एकही मुलगी नव्हती. राणीनं राज्य सोडून तांदूळ निवडायला का जावं?

राज्यावर गंडांतर आलं ते रस्त्याकडून. आमची ओटी सरळ गल्लीवर उघडायची, मध्ये दोन हात रेताड आणि एक उथळ चर. गल्लीत टारगट पोरं आणि बिनकामाचे पुरुष येऊन उभे राहत. मुली कविता म्हणताहेत ही त्यांना मोठी मौज. एखादी अडखळली की बाहेरून हशा व्हायचा. एकानं तर आमच्यातल्या एकीच्या चालीची नक्कल करून दाखवली. ती मुलगी दुसऱ्या दिवसापासून आली नाही. मग आणखी एक गेली, मग दोघी बहिणी गेल्या.

माझी आजी कोकणातली, तोंडानं तिखट. एक दिवस ती स्वतः गल्लीत जाऊन उभी राहिली आणि बघणाऱ्यांमधून आमची शाळा बघून आली. घरी येऊन वडलांना म्हणाली, "बघ रे बाबा. पोरगी शाळेत बसते की जत्रेत, काय कळेना. ते दार झाकलं नाही, तर दिवाळीनंतर ती चुलीपाशी बसेल. अक्षरं काय पळून जात नाहीत."

मास्तरांनी आधी गोणपाटाचे पडदे लावले. त्यांना भोकं पडली आणि भोकांना डोळे फुटले. कारवीची तट्टी बांधली, ती शिमग्यात होळीत गेली. मग मास्तर म्हणाले की मेलेल्या वस्तूनं काही होणार नाही, जिवंत माणूस उभं केलं पाहिजे. म्हणून त्यांनी मेंदी लावली.

आता बघा हं. मुलींच्या शाळेभोवती मेंदीचं कुंपण. हे फक्त बायको नसलेल्या विद्वानालाच सुचेल. मेंदी छान वाढली, दुसऱ्या पावसात कमरेला लागली. मास्तर तिच्यापुढे उभे राहून हात जोडायचेच तेवढे बाकी होते. आणि नागपंचमी आली. सणाच्या आदल्या दिवशी मास्तर जेवायला गेले होते तेवढ्यात मी पुढे झाले, माझ्यामागे वर्ग, वर्गामागे वाडीतल्या लेकीसुना. कुणी ओचे भरले, कुणी फांद्याच मोडून नेल्या. मास्तर परत आले तो कुंपणाच्या जागी काटक्या. सणानंतर आम्ही पाटीवर हात ठेवून बसलो, तर एकूण एक तळवा लालभडक. मास्तरांनी एकेक हात पाहिला. माझा सगळ्यांत जास्त रंगला होता.

"चांगली होती हो मेंदी," एवढंच म्हणाले. मला वाटलं, सुटलो. इतकी मूर्ख होते, की कुंपण गेलं म्हणजे माझंच दार उघडं पडलं, हे डोक्यात शिरलंच नाही. दिवाळी जवळ आली तेव्हा शिरलं. वडलांनी मध्ये पडून आजीकडून आणखी दोन वर्षांची मुदत मागून घेतली. आजीनं ती दिली, पण तोंड असं केलं की ती आपल्या गळ्यातलं काही काढून देते आहे.

गल्लीतून वरळीची एक कोळीण माशांची पाटी घेऊन जायची. मास्तर मासे घेत नसत, पण तिच्याशी बोलत बसत. वरळीच्या किनाऱ्यावर वर्षभर खारं पाणी अंगावर घेऊन कोणतं झुडूप उभं राहतं, बकरी कशाला तोंड लावत नाही, असे प्रश्न. ती म्हणाली, "गजगा. त्याला कोन तोंड लावनार? आमची जाली अडकली का फाटूनच येतात."

गजगा म्हणजेच आमचा सागरगोटा. मास्तर असे उठले की पगडी हलली. खिशात आजवर नाना बिया आल्या होत्या, पण आम्ही रोज झेलतो त्या बीचं झाड असतं, हे त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कोळणीनं पाटीच्या कोपऱ्यात पुडीभर गजगे आणले. "ह्ये पेरतंस?" म्हणून हसली. "आमच्याकडं कुनी पेरत नाय मास्तर. आपलं आपन येतंय."

मास्तरांना तेच तर हवं होतं. पहिल्या पावसाबरोबर चराच्या काठानं, एक इकडे एक तिकडे अशा दोन नागमोडी ओळींत, आम्ही बिया पेरल्या. खत नाही, पाणी नाही. घरच्या माणसाचं आगतस्वागत करत नाहीत.

घरचं माणूस काही आलं नाही. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. मास्तर रोज सकाळी ओणवे होऊन जमिनीशी बोलत. एक बी उकरून पाहिली तर जशी पुरली तशीच, उलट पावसानं धुऊन आणखी चकचकीत झालेली. मग त्यांनी ताज्या बिया पाण्यात ठेवून पाहिल्या, ताकात ठेवून पाहिल्या. गल्लीतल्या बघ्यांना आता दुहेरी मौज झाली. आत मुली आणि बाहेर मास्तर.

वर्ग निम्मा राहिला होता. उरलेल्यांत माझ्या शेजारी एक रडवी मुलगी बसायची. श्रावणातल्या एका पावसाळी दुपारी मला करमेना, म्हणून मी सागरगोटा फरशीवर घासला आणि तिच्या दंडाला टेकवला. ती इतकी ओरडली की मास्तर जमीन सोडून आत आले. त्या दिवशी नेमकी माझी मान पुस्तकात जायला उशीर झाला.

"काय केलंस?"

मी म्हटलं, काही नाही, नुसता सागरगोटा लावला.

"नुसत्यानं कुणी ओरडतं का? मला लाव." आणि त्यांनी कोटाची बाही सारून मनगट पुढे केलं.

मास्तरांना चटका द्यायची संधी कुणाला जन्मात मिळते? मी सगळा जीव लावून घासला आणि लावला. मास्तरांनी जो आवाज काढला, तसा मी पुढे आगगाडीच्या इंजिनाचा ऐकला. माझे पाचही सागरगोटे हिसकावून त्यांनी ओटीवरून बाहेर भिरकावले. माझ्या हातात काही राहिलं नाही आणि मी त्या रडव्या मुलीपेक्षा मोठ्यानं रडले. मनगटाला फुंकर घालत मास्तर माझ्यापुढे उभे होते. त्या दिवशी दुसरा पाठ झाला नाही.

पंधरवडा गेला असेल. सकाळी शाळेत येते तो मास्तर चरात गुडघे टेकून बसलेले, धोतराची पर्वा नाही. चराच्या काठाला, ओळी सोडून, जिथे कुणी काही पेरलं नव्हतं तिथे, जाडजूड कोंब मातीतून वाकून वर येत होते. एक, पलीकडे दुसरा, पुढे आणखी दोन. एकाच्या डोक्यावर फुटलेल्या बीचं टरफल टोपीसारखं बसलं होतं, आणि त्या टरफलाच्या एका अंगाला पांढुरका चट्टा होता. माझ्या घासण्याचा.

मास्तरांनी मला शेजारी बसवलं. मग म्हणाले, "अगं, यांना दार नव्हतं. आतून येणार कुठून? तू दार पाडून दिलंस."

मी मान डोलावली. मला वाटलं, मी मुद्दामच केलं होतं. घरी जाऊन तसं सांगितलंही.

त्या दिवसापासून आमच्या शाळेत नवा विषय आला. पाढे झाले की उरलेल्या सगळ्या मुली ओळीनं फरशीवर बसायच्या आणि सागरगोटे घासायच्या. कुठवर घासायचा हे ठरवायला मास्तरांनी स्वतःचं मनगट दिलं. मुलगी घासून आली की ते बाही सारत. "लाव." चटका बसला नाही तर "अजून" म्हणत. बसला की डोळे मिटून, ओठ दाबून म्हणत, "हं. पेर." मग ती बी रात्रभर पाण्यात आणि सकाळी चरात. मास्तरांच्या मनगटावर बारीक लाल ठिपके उठले, जशी देवीची लस टोचून घेतली आहे. वर्गात इतका उत्साह पूर्वी कधी नव्हता. मी तर सहावी सातवी बी मुद्दाम जास्त तापवून नेत असे.

याच दिवसांत शेटजी शाळा पाहायला आले. मुली घटल्या होत्या, घर नुसतं अडकून पडलं होतं, आणि त्यांच्या मनात तिथे धाकट्या मुलाचं बिऱ्हाड मांडायचं होतं. ते ओटीच्या पायरीपाशी आले तर आत सगळ्या मुली जमिनीवर ओणव्या, खसखस खसखस आवाज, आणि मास्तर हात पुढे करून उभे. एक मुलगी त्यांना भाजते आहे आणि ते 'शाबास' म्हणताहेत.

शेटजी म्हणाले, "मास्तर, हे काय चाललंय?"

"कुंपण," मास्तर म्हणाले.

त्यांना सगळं समजावून सांगायला मास्तर धावले, तसे शेटजी आणखी गोंधळले. शेवटी मास्तरांनी त्यांनाही मनगट पुढे करायला सांगितलं. शेटजींनी हात मागे घेतला आणि जे बोलायचं ते बोलून टाकलं. "ही दिवाळी जाऊ द्या, पुढल्या दिवाळीला मी गल्लीत उभा राहीन. बाहेरून एका मुलीची वेणी जरी दिसली, तरी घर रिकामं करून द्यायचं. कबूल?"

मास्तर म्हणाले, कबूल. आजीची मुदतही तीच होती. म्हणजे आता झाडांना दोन घरांसाठी वाढायचं होतं.

झाडं वाढली, पण मास्तरांच्या तऱ्हेनं. चैत्रात जमीन तापली, पानं जरा सुकली. मला राहवेना. सगळ्यांत कोपऱ्यातल्या रोपाला मी रोज प्यायच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी चोरून घालू लागले. ते बाकीच्यांच्या दुप्पट झालं, हिरवंगार, कोवळं, आणि मला वाटलं, मास्तरांना काही कळत नाही. वैशाखातल्या एका वाऱ्यात ते समूळ आडवं झालं. पाणी वरच मिळत होतं, मूळ खाली कशाला जाईल? मास्तर त्याच्यापाशी उभे राहिले आणि वर्गाकडे वळून म्हणाले, "हा जावई कुणाचा?"

मी पाटी पुसत राहिले.

बाकीची पावसात अंगात आल्यासारखी उठली. उंच जाऊन शेजारच्या माडावर चढायला बघू लागली, तेव्हा मास्तरांनी हाताला गोणपाट गुंडाळलं आणि कोयता काठीला बांधून शेंडे छाटले. छाटलं की खालून दाट फुटायचं. सबंध फांदीला आणि पानांच्या देठांनाही उलटे, वाघनखासारखे काटे. पुढे पिवळ्या फुलांचे तुरे आले आणि मग साळूसारख्या काटेरी शेंगा. आम्ही रोज कुठे ना कुठे अडकायचो. परकर, वेणी, कुणाची ओढणी. आणि मास्तर ओटीवरून एकच सांगत. "ओढू नकोस. मागे ओढलंस की रुततं. झाडाकडे जा, सुटशील."

ऐकून कुणाला खरं वाटणार? काटा टोचतो आहे त्याच्याच अंगावर जायचं म्हणे. मी तर ओढायचीच. माझे परकर बघून आजी म्हणाली, "शाळेत शिकतेस की बोरीवर राहतेस?"

दिवाळी आली. शेटजी सांगितल्याप्रमाणे गल्लीत उभे राहिले, जरीकाठी उपरणं, नवी पगडी. त्यांच्यापासून जरा अंतरावर पदर नाकाला लावून माझी आजी. बघेही आले होते, पण बघायला काही नव्हतं. पुरुषभर उंचीची हिरवी भिंत आणि तिच्याआडून आवाज. मास्तरांनी मला वाचायला उभं केलं होतं. पुस्तक हातात, बोट पहिल्या ओळीवर. त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की मला इथून जायचं नाही, आणि ते तांदळासाठी नाही.

आजीनं नंतर सांगितलं, शेटजी आधी डावीकडून डोकावले, मग उजवीकडून. वेणी दिसेना. मग बहुधा त्यांना वाटलं, जवळून दिसेल. ते पुढे झाले. आणि उपरणं धरलं गेलं. त्यांनी ते झटकलं तसा अंगरखा धरला गेला. मागे सरले तशी पगडी. बाहेर खिदळणं सुरू झालं, बघ्यांना अखेर बघायला काहीतरी मिळालं होतं.

मी वाचायची थांबले. माझ्या मागून मास्तरांचा आवाज आला, अगदी शांत. "शेट, ओढू नका. झाडाकडे या."

"अहो, काटे आहेत."

"म्हणूनच. एक पाऊल आत."

शेटजींनी डोळे मिटले आणि पाऊल टाकलं. काटे सुटले. उपरणं, अंगरखा, पगडी, सगळं एकापाठोपाठ. पण आता त्यांचं नाक पानांत होतं, आणि पलीकडे हातभर अंतरावर मी. मास्तर मला म्हणाले, "वाच." मी वाचलं. कुठला धडा होता आठवत नाही, पण एकदाही अडखळले नाही. शेटजी पानांत तोंड घालून शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले. मग तिथूनच म्हणाले, "मुलगी दिसत नाही हो मास्तर. पण ऐकू चांगलं येतं."

घर शाळेकडेच राहिलं. आजी घरी येऊन वडलांना म्हणाली, "जाऊ दे तिला. वाघाच्या पिंजऱ्यात कोण हात घालणार आहे." गेलेल्या मुली एकेक करून परत आल्या. ती नक्कल झालेलीही आली.

मी मात्र फार दिवस राहिले नाही. बारावं लागलं आणि माहीमच्या एका घरात माझं लग्न ठरलं. मी तीन दिवस जेवले नाही, निदान सगळ्यांसमोर तरी नाही. मास्तर येऊन वडलांशी भांडतील, अशी मला आशा होती. मास्तर लग्नाला आले, पंगतीत जेवले, आणि जाताना माझ्या हातात रुमालाची गाठोडी ठेवली. आत सागरगोटे.

"ओढू नकोस," म्हणाले. "झाडाकडे जा."

मला इतका राग आला म्हणून सांगू. हेच सांगायला आलात? भित्रे, म्हटलं मनात, आणि गाठोडी ट्रंकेच्या तळाशी टाकली.

सासूबाई काटेरी होत्या. पुस्तक दिसलं की उचलून माळ्यावर टाकत. मी ओढत राहिले, म्हणजे रुसणं, फणकारे, माहेरी जायच्या धमक्या. जितकं ओढलं तितकं रुतलं. मग एक दिवस, शहाणपणानं नव्हे, नुसती थकून, मी त्यांच्यापाशी जाऊन बसले. त्यांना पोथी ऐकायची फार हौस, पण वाचायला कुणी नसे, भटजी यायचे ते घाईनं उरकायचे. मी म्हटलं, मी वाचू का? त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. मी वाचलं. दुसऱ्या दिवशी त्या शेजारणीला घेऊन आल्या. महिन्याभरानं माझी पुस्तकं त्यांनी स्वतः माळ्यावरून काढून दिली, सून विसरायला नको म्हणून. तेव्हा मला तो जरीचा अंगरखा आणि पानांत घुसलेलं नाक आठवलं आणि मी एकटीच हसत सुटले. सासूबाईंना वाटलं, बाधा झाली.

मग मी गाठोडी काढली. परसात, समुद्राच्या बाजूला, नागमोडी दोन ओळी. पाणी नाही. कुंपण वाढलं तसं त्याच्याआड दुपारी माझ्यापाशी आसपासच्या मुली अक्षरं गिरवायला येऊ लागल्या. बाहेरून कुणाला काही दिसत नव्हतं.

गाठीचा ताप येऊन गेला. कितीतरी घरं रिकामी झाली. मास्तर वाचले, पण उठले नाहीत. शाळा दुसऱ्या घराच्या माडीवर गेली होती, चांगली चालली होती. माडीला कुंपण लागत नाही. जुनं कौलारू घर पाडून तिथे शेटजींच्या मुलानं चाळ उठवली आणि झुडपं मुळासकट काढली. मी भेटायला गेले तेव्हा मास्तर ठाकूरद्वारला एका अंधाऱ्या खोलीत पडून होते. शेजारीण म्हणाली, कुणाला ओळखत नाहीत, बोलत नाहीत, कालपासून पेजही घेतली नाही.

मी पुष्कळ बोलून पाहिलं. नाव सांगितलं, मेंदी आठवते का विचारलं. भिंतीकडे तोंड. माझ्या कनवटीला माहीमच्या कुंपणाचे सागरगोटे होते, त्यांना दाखवायला आणलेले. दाखवून काय उपयोग, त्यांना दिसतही नव्हतं. म्हणून मी खाली बसले आणि एक फरशीवर घासू लागले. खसखस, खसखस.

मास्तरांची मान वळली. हात पांघरुणातून बाहेर आला, बाही त्यांनी स्वतःच सारली. मनगटावर ते ठिपके अजून होते, पांढरे पडलेले.

मी भीत भीत लावला. हलकाच लावला.

"अजून," मास्तर म्हणाले.

दोन मुलांची आई, नेसूचं आवरून, लहानपणी घासला नसेल इतका जोर लावून मी पुन्हा घासला. डोळ्यांत पाणी आलेलं, पण ते जोरामुळे, असं मी त्या शेजारणीला सांगितलं. मग तो मनगटावर टेकवला. मास्तरांनी डोळे मिटले, ओठ दाबले.

"हं," म्हणाले. "पेर."

आणि पेज मागितली.